आधी शेपूट बघा

केर्ली सोडून वाघबिळाच्या चढाला लागलं की डोंगराच्या कडेनं काहीतरी मोठं, गडद, पंख न हलवता तरंगताना दिसतं. गाडीतला एकजण म्हणतो घार, दुसरा म्हणतो गरुड, ज्याला वाद घालायचा नसतो तो ससाणा म्हणतो, आणि गाडी पुढे जाते. आपल्याकडे शिकारी पक्ष्यांची ओळख बहुतेक वेळा या तीन शब्दांवर संपते. याचं वाईट वाटतं, कारण आपला कोल्हापूर जिल्हा या पक्ष्यांच्या बाबतीत श्रीमंत आहे. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याची सपाट शेती, मध्ये उसाचा पट्टा, पश्चिमेला जांभ्या दगडाचे सडे, आणि त्यापलीकडे राधानगरी-दाजीपूरचं जंगल. प्रत्येक ठिकाणचे शिकारी पक्षी वेगळे. ऑक्टोबर ते मार्चमध्ये बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांची त्यात भर पडते.

ओळखताना पहिली चूक रंगापासून होते. पक्षी दिसला की माणूस रंग बघतो, घरी येऊन पुस्तकात तो रंग शोधतो, आणि तपकिरी रंगाचे दहा-बारा पक्षी समोर आले की पुस्तक मिटतो. शिकारी पक्षी बहुतेक वेळा आपल्या डोक्यावर, उजळ आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसतो. अशा वेळी त्याची खालची बाजू सावलीत असते आणि पांढरं पोटही काळपट दिसतं. सकाळच्या तिरप्या उन्हात तोच पक्षी तांबूस वाटतो. शिवाय यांची पिल्लं मोठी होऊन उडायला लागली तरी वर्ष-दोन वर्षं, गरुडांच्या बाबतीत त्याहून जास्त काळ, आईबापांपेक्षा वेगळ्या रंगाची असतात. मधुबाजासारख्या पक्ष्यात तर एकाच वयाचे दोन पक्षी एक फिकट आणि एक जवळजवळ काळा असे असू शकतात. म्हणून रंग सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी शेपूट, मग पंखांची टोकं, मग उडण्याची ढब, आणि हे सगळं कुठं दिसलं ती जागा.

त्यासाठी एकच पक्षी घोटून पाठ करावा लागतो, आणि तो म्हणजे घार. रंकाळ्याच्या काठी अर्धा तास उभं राहिलं तरी ती दिसते. तिची शेपूट टोकाला दुभंगलेली असते, माशाच्या शेपटीसारखी. हवेत तरंगताना ती शेपूट सुकाणूसारखी डावी-उजवीकडे पिळते. ही पिळण्याची सवय एकदा डोळ्यात बसली की किलोमीटरभरावरची घारही ओळखता येते. पंख लांब, मनगटाशी किंचित वाकलेले, टोकाला बोटं पसरल्यासारखी पिसं. इथं एक फसगत ठरलेली आहे. घारीनं वळताना शेपूट पूर्ण पसरली की मधली खाच भरून निघते आणि टोक सरळ दिसतं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पिसं झडून नवी येत असतात. तेव्हा कडेची लांब पिसं गळालेली असली तर शेपूट गोलसुद्धा वाटते. त्यामुळे एका नजरेवर निकाल द्यायचा नाही. पक्षी दोन-तीन वेळा वळेपर्यंत, शेपूट मिटेपर्यंत थांबायचं.

घारीच्या जोडीला ब्राह्मणी घार. मोठी झालेली ब्राह्मणी घार कुणीही ओळखेल, पांढरं डोकं-छाती आणि विटकरी अंग. पण तिचं पिल्लू तपकिरी असतं आणि पाण्याजवळ साध्या घारींमध्ये मिसळून फिरतं. त्याला ओळखायची खूण एकच: शेपटीचं टोक गोलसर असतं, खाच कधीच दिसत नाही. पंचगंगेच्या काठावर जराशी लहान, गोल शेपटीची तपकिरी 'घार' दिसली तर पहिला संशय याच पिल्लाचा घ्यावा. हिवाळ्यात बूटेड ईगल नावाचा लहान गरुड येतो. त्याचा गडद प्रकारही घारीसारखाच वाटतो. त्याची शेपूट टोकाला चौकोनी असते, आणि तो समोरून येत असला तर मान आणि पंख जिथं जुळतात तिथं दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका दिसतो, गाडीच्या दिव्यांसारखा.

आकाराचा अंदाज हा दुसरा मोठा घोळ. रिकाम्या आभाळात मोजायला काहीच नसतं. लहान पक्षी जवळ असला तर मोठा वाटतो, आणि मोठा गरुड फार उंचावर असला तर घारीएवढा वाटतो. यावर कावळ्यांइतका भरवशाचा उपाय नाही. शिकारी पक्षी दिसला की कावळे त्याच्या मागे लागतातच, आणि आपल्या गावकावळ्याची लांबी साधारण 40 सेंटीमीटर. पाठलाग होणारा पक्षी कावळ्यापेक्षा लहान असेल तर शिक्रा, कापशी किंवा खरूची यांच्याकडे बघायचं. हे तिघे 30 ते 36 सेंटीमीटरच्या घरातले, म्हणजे साधारण पारव्याएवढे. जवळजवळ कावळ्याएवढाच असेल तर तिसा. दीडपट असेल तर घार. कावळा त्याच्यापुढे चिमणीसारखा वाटायला लागला तर तो गरुड. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची: शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते. पूर्वीच्या बाजदारांनी, म्हणजे शिकारी पक्षी पाळून त्यांच्याकडून शिकार करवणाऱ्यांनी, नावंही त्यावरूनच वाटली होती. त्यांच्या बोलीत शिक्रा म्हणजे मादी, नर तो चिपक. लग्गड ससाण्यातही लग्गड ही मादी आणि जग्गर हा नर. शिकारीला मोठी मादी जास्त उपयोगाची, म्हणून जातीचं नाव तिच्याकडे राहिलं.

आता हवेत एका जागी थांबणारे पक्षी. माळावर किंवा कापलेल्या उसाच्या शेतावर एखादा पक्षी पंख फडफडवत जागच्या जागी लटकला की ओळख एकदम सोपी होते, कारण असं करणारे आपल्याकडे मोजकेच. पांढराशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल, तो कापशी. (कागल तालुक्यातल्या कापशीमुळे हे नाव आपल्या जिभेवर चटकन बसतं.) वर्षभर दिसतो, विजेच्या तारेवर बसून शेपूट वर-खाली करत राहतो, आणि लटकून झालं की पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उंच धरून हळूहळू खाली उतरतो. उसाच्या पट्ट्यात तो भरपूर आहे, कारण उसात उंदीर भरपूर आहेत. विटकरी पाठीचा, अरुंद टोकदार पंखांचा, लांब शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असलेला, तो खरूची. हा बहुतेक करून हिवाळी पाहुणा. नराचं डोकं राखाडी, मादी सगळीकडून विटकरी-तपकिरी. डोळ्याखाली दोघांनाही मिशीसारखी गडद रेघ असते, नुसती मादीची जरा फिकी. पाण्यावर काळा-पांढरा काही लटकताना दिसला तर तो शिकारी पक्षी नव्हे, कवड्या धीवर आहे.

आणि तिसरा, ज्याच्यासाठी मसाई पठारावर उन्हात उभं राहणं सार्थकी लागतं, तो सापमार गरुड. एवढा मोठा पक्षी, पंखांचा पसारा पावणेदोन मीटरच्या आसपास, आणि तो खरूचीसारखा हवेत एका जागी लटकतो. जोराचा वारा असला तर त्याला पंख हलवावेही लागत नाहीत. वाऱ्याकडे तोंड करून, पाय खाली सोडून तो पतंगासारखा स्थिर राहतो. हललं तर फक्त डोकं हलतं, तेही खाली गवतात बघायला. खालून अंग फिकट, जवळजवळ पांढरं, त्यावर बारीक तपकिरी पट्ट्या. गळा आणि छातीचा वरचा भाग बऱ्याच पक्ष्यांत गडद असतो, टोपडं ओढल्यासारखा. डोकं मोठं, गोल, घुबडाची आठवण व्हावी असं. डोळे पिवळे आणि समोर बघणारे. बसलेला दिसला तर पाय बघावेत. त्यांवर पिसं नसतात, खरखरीत खवले असतात, आणि बोटं अंगाच्या मानानं आखूड आणि जाड. वळवळणारा साप घट्ट धरायला ही आखूड बोटं लागतात. साप तो डोक्याकडून गिळतो. घरट्याकडे नेताना सापाचा बहुतेक भाग पोटात असतो आणि चोचीतून फक्त शेपटी लोंबत असते. ती धरून ओढत जोडीदार किंवा पिल्लू पूर्ण साप बाहेर काढतं. उडणाऱ्या गरुडाच्या तोंडातून दोरीसारखं काही लोंबताना दिसलं, तर रंग-शेपूट काहीच बघायची गरज नाही.

गावात, आमराईत, वस्तीच्या कडेला येणारा शिकारी म्हणजे शिक्रा. पंख आखूड आणि गोल, शेपूट लांब, चार-पाच झटपट फडके आणि मग थोडं तरंगणं, पुन्हा फडके. या ठेक्यावरूनच तो ओळखायचा. झाडांमधून वाट काढत उडायला गोल पंख आणि लांब शेपूट हवी, आणि खरूची-बहिरीसारख्या उघड्यावरच्या शिकाऱ्यांना वेगासाठी टोकदार पंख हवेत. बहिरी ससाणा सूर मारतो तेव्हा ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो. पंखाच्या टोकाकडे बघितलं की पक्षी कुठं राहतो याचा निम्मा उलगडा होतो, तो यामुळे.

शिक्र्याच्या बाबतीत खरा त्रास देतो तो पावशा. मृगाच्या आधी 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून ओरडणारा हा पक्षी कोकिळेच्या कुळातला, शिकारी नव्हेच. पण वरून राखाडी, छातीवर तांबूस छटा, शेपटीवर पट्टे, उडण्याचा ठेकासुद्धा शिक्र्याचा. तो बागेत शिरला की सातभाई आणि बुलबुल शिक्रा आल्यासारखाच कालवा करतात. पक्षी फसतात तिथं माणूस फसला तर नवल नाही. दोघांना वेगळं करायला दुर्बिणीतून चोच आणि पाय बघावेत. शिक्र्याची चोच आखूड आणि मुळापासूनच खाली वाकलेली, पाय लांब, सडपातळ, पिवळे, नख्या स्पष्ट. गळ्याच्या मधोमध एक पुसट उभी रेघ. पावशाची चोच सरळसोट, टोकाशी जेमतेम झुकलेली, पाय आखूड आणि दुबळे, आणि फांदीवर उतरल्यावर तो शेपूट बाजूला हलवत बसतो. राधानगरीच्या किंवा आंबा घाटाच्या दाट झाडीत गेलात तर आणखी एक सावधगिरी: तिथं बेसराही असतो. त्याच्या गळ्यावरची मधली रेघ ठळक काळी असते आणि छातीवरच्या रेघा जाड.

तिसा हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित राहिलेला पक्षी, आणि कारण एवढंच की तो बसून राहतो. कागलकडच्या किंवा कुठल्याही कोरड्या माळावर खांबावर, बांधाच्या दगडावर, वाळलेल्या बाभळीवर तासभर न हलता बसलेला तपकिरी पक्षी असला तर त्याचे डोळे बघा. मोठ्या पक्ष्याचे डोळे पांढरट असतात, लांबूनही विचित्र वाटावेत असे. गळा पांढरा, त्याच्या दोन्ही कडांना आणि मधोमध गडद रेघा. उडाला की शेपूट तांबूस दिसते आणि पंखांच्या वरच्या बाजूला, खांद्याजवळ, फिकट पट्टा चमकतो.

घाटाकडे सगळा नूर बदलतो. दाजीपूरला, आंबा घाटात, गगनबावड्याच्या वळणांवर सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास ऊन तापून हवा वर चढायला लागते, आणि तिच्यावर स्वार होऊन मोठे पक्षी निघतात. त्याआधी सहाला जाऊन आभाळाकडे बघण्यात अर्थ नाही. जड पक्षी पंख मारून शक्ती वाया घालवत नाहीत. इथं सगळ्यात जास्त वेळा भेटतो तुरेवाला सर्पगरुड, आणि तोही आधी ऐकू येतो. 'कीऽ-कीऽ-की' अशी चढ्या सुराची शीळ वरून येत असते. वर बघितलं की रुंद पंख किंचित वर उचललेले, आणि पंखांच्या मागल्या कडेनं एक रुंद पांढरा पट्टा, शेपटीतही तसाच एक. हे पट्टे प्रतिकूल प्रकाशातही दिसतात, कारण ऊन त्यातून आरपार येतं. नावात दोघांच्याही साप असला तरी याची गल्लत सापमार गरुडाशी करू नये. तो माळाचा, हा झाडीचा.

काळा गरुड एकदा दिसला की विसरत नाही. जंगलाच्या शेंड्यांना पोट घासेल इतक्या खालून, इतक्या सावकाश जातो की खाली पडेल असं वाटतं. पक्ष्यांची घरटी लुटायला झाडांचे शेंडे असे निरखावे लागतात, त्यासाठी हा संथपणा. अंग पूर्ण काळं, पाय आणि चोचीचं मूळ पिवळं, पंख लांब आणि अंगाजवळ अरुंद, टोकाकडे रुंद होत गेलेले, वल्ह्यासारखे. मधुबाज मात्र सगळ्यांना घोळात टाकतो, आणि त्याला रंगावरून ओळखायला जाणं व्यर्थच. त्याचं डोकं अंगाच्या मानानं लहान, पारव्यासारखं, मान लांब पुढे काढलेली. चेहरा निरुपद्रवी वाटतो, कारण इतर शिकाऱ्यांच्या डोळ्यांवर असते तशी हाडाची कड त्याला नाही. चेहऱ्यावर मात्र खवल्यांसारखी घट्ट पिसं असतात, गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचे डंख झेलायला. आग्या मोहोळाच्या आसपास घिरट्या घालणारा मोठा पक्षी दिसला तर संशय यावरच.

साधनांबद्दल थोडं. दुर्बिणीवर 8×42 लिहिलेलं असतं त्यातला 8 म्हणजे आठ पटीनं मोठं दिसणं आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. शिकारी पक्ष्यांसाठी 10×42 घ्या असं सांगणारे बरेच, पण 10 पटीत हाताचा थरथराटही 10 पट होतो. पहिली दुर्बीण 8 ची घ्यावी. कॅमेरा असेल तर शटर 1/2000 सेकंदाच्या आसपास, आणि आभाळावरच्या पक्ष्यासाठी एक्स्पोजर 1 ते 1.7 स्टॉप वाढवून ठेवायचं. नाहीतर कॅमेरा आभाळाचा उजेड मोजतो आणि पक्ष्याचं काळं ठिपकं हातात येतं. एकच सुंदर फोटो काढण्यापेक्षा पक्षी वळत असताना सलग पंधरा-वीस काढा: खालची बाजू, वरची बाजू, शेपूट मिटलेली आणि पसरलेली. अस्पष्ट आले म्हणून लगेच पुसू नका. अस्पष्ट फोटोतही पंखांचा आकार आणि शेपटीचं टोक शाबूत असतं, आणि ओळख पटवायला तेवढं पुष्कळदा पुरतं. मोबाइलवर मर्लिनसारखं पक्षी ओळखणारं ॲप वापरताना ठिकाण आणि तारीख आधी भरा. बसलेल्या पक्ष्याच्या जवळच्या फोटोवर ते चांगलं चालतं. दूरच्या काळ्या आकृतीवरही ते तितक्याच ठामपणे एक नाव देतं, आणि तिथंच सावध राहायचं. घरट्याचा फोटो आणि ठिकाण कुठंही टाकू नका. गर्दी झाली की जोडी घरटं सोडते.

नोंद जागेवरच करायची. तारीख, वेळ, गाव, जमीन कसली होती, पक्षी उंच होता की गवताला लागून, फडके किती आणि तरंगणं किती, कावळ्याच्या मानानं केवढा. नाव नंतर. नाव आधी लिहिलं की मग खुणा त्या नावाला जुळवून आठवायला लागतात, हा अगदी जुन्या जाणत्यांचाही घात करणारा दोष आहे.

आणि काही वेळा नाव लिहायचंच नाही. हे सगळ्यात जास्त लागू पडतं भोवत्यांना. मध्य आशियातल्या गवताळ मुलखातून हिवाळ्यात येणारे हे पक्षी माळावर आणि हरभरा-शाळूच्या रानांवर कंबरेएवढ्या उंचीवरून, पंख उथळ व्ही आकारात धरून, डोलत डोलत जातात. ढब एवढी वेगळी की भोवत्या आहे हे शाळकरी पोरही सांगेल. नर ओळखणं सोपं: पांढुरक्या भोवत्याच्या पंखांच्या टोकांना काळी पाचर, माँटेग्यूच्या भोवत्याच्या राखाडी पंखावर एक काळी आडवी रेघ. कळंब्यासारख्या तलावाकाठी, लव्हाळ्यावर, मोठा आणि गडद चॉकलेटी अंगाचा दिसला, डोकं मलईच्या रंगाचं असलं, तर ती दलदली भोवत्याची मादी किंवा पिल्लू. पण पांढुरका आणि माँटेग्यू यांच्या माद्या आणि पिल्लं, तपकिरी अंग आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेली, एकमेकांसारखी असतात. गालामागची फिकट पट्टी आणि पंखाखालच्या पट्ट्यांची मांडणी दिसेल इतका चांगला फोटो हातात असेल तरच त्यांचा निर्णय होतो. नसेल तर वहीत 'भोवत्या, मादी किंवा पिल्लू' एवढंच लिहावं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही जात न ठरवता नुसता भोवत्या नोंदवायची सोय आहे. अशी अर्धी नोंद खरी असते आणि पुढं कामाला येते. अंदाजानं भरलेलं पूर्ण नाव कुणाच्याच कामाचं नसतं.

भोवत्ये झाडावर झोपत नाहीत. सूर्य मावळायच्या अर्धा-पाऊण तास आधी ते एकेक करत माळावर येतात, दोन-चार घिरट्या घालतात आणि उंच वाळलेल्या गवतात जमिनीवर उतरतात, कधी कधी बरेच एकत्र. त्या वेळी लांब बांधावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसून मोजावं, गवतात पाऊल टाकू नये. आणि त्या माळाच्या मालकाशी आधीच बोलून ठेवावं की फेब्रुवारी-मार्चात गवत पेटवायचंच असेल तर ते दिवसा उजेडी, पक्षी रानात पांगलेले असताना पेटवा. अंधार पडल्यावर लावलेल्या आगीत ते गवतातच असतात.